वॉल्थर की वाल्टर? विदेशी बंदुकांची नावं नीट कशी म्हणायची

हळदपेठ (सांगली)

मंडळी, हा धागा एका मुलीमुळं काढतोय.

सांगलीत आमची दहा मीटर एअर रायफलची छोटी रेंज आहे, सहा लेनची. मूळचं हळदीचं गोदाम. भिंतींना दोनदा रंग दिला, तरी पावसाळ्यात ओल धरली की हळदीचा वास येतोच. संध्याकाळी मी तिथं मुलांना शिकवतो. त्यातली नववीतली एक मुलगी मागच्या महिन्यात बाहेरगावी स्पर्धेला गेली होती. शेजारच्या लेनवरच्या कुणीतरी विचारलं, रायफल कुठली? ही म्हणाली, ‘फिनवर्कबाऊ’. चार-पाच जण हसले. एकानं विचारलं, ‘खेड्यातनं आलीस काय?’ त्या दिवशी तिचा हात शेवटपर्यंत स्थिर झाला नाही. परतीच्या एसटीत पेठनाका येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

हसणाऱ्यांचा राग आलाच. पण त्याहून जास्त लागलं ते हे, की ते नाव तिला मीच तसं शिकवलं होतं. मी दुकानदाराकडून ऐकलं, दुकानदारानं खोक्यावर वाचलं, आणि खोक्यावरची अक्षरं आम्ही सगळ्यांनी इंग्रजी म्हणून वाचली. घोटाळा तिथंच आहे. ही नावं इंग्रजी नाहीतच.

महिनाभर रोज रात्री तासभर बसून जर्मन आणि इटालियन लोकांची बोलणी ऐकली, वही केली. त्यातलं मांडतो. चुकलो तर दुरुस्त करा.

आधी ‘फाइनवेर्कबाउ’. गाव ओबर्नडोर्फ, नेकार नदीच्या काठचं. नावात तीन शब्द जोडलेत. फाइन म्हणजे बारीक, वेर्क म्हणजे काम, बाउ म्हणजे बांधणी. आपला सोनार ‘बारीक कामाचा कारागीर’ म्हणतो ना, तसंच नाव आहे हे. जर्मनमध्ये ई आणि आय ही अक्षरं या क्रमानं आली की ‘आय’ असा उच्चार होतो, आणि डब्ल्यूचा उच्चार आपल्या ‘व’सारखा. एवढी दोन सूत्रं कळली की ‘फिनवर्क’ तोंडात येत नाही.

‘वॉल्थर’चंही तसंच. जर्मनमध्ये टी-एच म्हणजे नुसता ट. कार्ल वाल्टर. १८८६ साली थुरिंगिया प्रांतात कारखाना सुरू झाला, दुसऱ्या महायुद्धानंतर तो डॅन्यूबकाठी उल्म गावात आला.

त्याच उल्ममध्ये तिसरं नाव आहे, आणि सगळ्यात जास्त हाल त्याचेच होतात. १८५६ सालचा कारखाना. आपल्याकडं त्याला ‘अन्शुट्झ’, ‘अन्सचुट्झ’, ‘अनशूज’, काहीही म्हणतात. इथं मला एक गोष्ट सापडली आणि मी खुर्चीतून उठलोच. या नावाच्या शेवटी जो आवाज आहे, तो इंग्रजी माणसाला दोन अक्षरं जुळवून काढावा लागतो, हिंदीवाल्याच्या वर्णमालेत तो नाही, आणि आपल्याकडं तो दिवसातनं शंभरदा निघतो. ‘पाच’ म्हणा. ‘चूल’ म्हणा. ‘चोर’ म्हणा. आता ‘चार’ म्हणा, ‘चिमणी’ म्हणा. च दोन आहेत. पाचातला च हाच जर्मनांचा टी-झेड. आन्श्यूच, शेवटचा च पाचातला! पोरांना एवढं सांगितलं, सगळ्यांना एका दमात जमलं.

मधल्या यू-वर दोन टिंबं असतात, ती खोक्यावर पुष्कळदा गळतात. ती गळणं म्हणजे आपली वेलांटी गळण्यासारखं आहे. तो स्वर मराठीत नाही, पण काढता येतो. ‘ई’ म्हणा, जीभ आहे तिथंच ठेवा, आणि ओठ शीळ घालताना करतो तसे गोल करा. निघतो तोच.

वाईची_शिक्षिका

सर, नमस्कार. मी मराठी शिकवते, विश्वकोशाच्या गावात राहते, त्यामुळं शब्दाच्या मागे लागायची सवय आहे. तुमची च ची गोष्ट वर्गात सांगणार. आमची मुलं ‘चारा’ आणि ‘चार’ यातला फरक बोलताना अचूक करतात, पण दोन वेगळे आवाज आहेत हे कुणी त्यांना कधी सांगितलेलंच नसतं.

पण लिहायचं कसं? ‘आन्श्यूच’ असं छापलं तर वाचणारा ‘चिमणी’तला च म्हणेल. आपल्या लिपीत दोघांना एकच अक्षर. च खाली नुक्ता देता येईल, पण पेपरात तो टिकणार नाही. म्हणून मी ‘त्स’ सुचवते. आन्श्यूत्स. डोळ्यांना जरा परकं दिसतं, पण वाचणारा चुकत नाही.

कृष्णाकाठ

माझं मत वेगळं आहे, आणि स्पष्ट सांगतो. परकी नावं आपल्याकडं आली की आपली होतात. पोर्तुगीजांचा ‘कार्तूश’ आपण ‘काडतूस’ केला, ‘पिस्तोला’चं पिस्तूल केलं, आफोंसोचा हापूस केला. कुणी लिस्बनला जाऊन विचारून आलं नव्हतं. जीभ जशी वळली तसा शब्द वळला, आणि आज काडतूस हा अस्सल मराठी शब्द आहे. १९०९ साली नाशिकला अनंत कान्हेरेंनी जॅक्सनवर झाडलेलं पिस्तूल ब्राउनिंगचं होतं. ते नाव तेव्हापासून मराठी माणसाच्या तोंडात आहे. माउझर पण तसंच. आता कुणी मला सांगितलं की जर्मन माणूस शेवटचा र खातो, म्हणून तुम्हीही खा, तर मी खाणार नाही.

त्या मुलीवर हसणारे चुकलेच. पण त्यावर उत्तर म्हणून जर्मन उच्चार पाठ करायचा, म्हणजे हसणाऱ्यांची फूटपट्टी आपण मान्य केली, असं नाही का होत?

हळदपेठ (सांगली)

कृष्णाकाठ दादा, प्रश्न रास्त आहे. दोन दिवस विचार करून लिहितोय.

काडतूस हा वस्तूचा शब्द. वस्तू घरात आली, तिला आपण आपलं नाव दिलं. त्याला हात लावायचा नाही, माझंही तेच म्हणणं. पण वाल्टर हे माणसाचं नाव आहे. आन्श्यूत्स माणसाचं आडनाव आहे. बेरेत्ता घराण्याचं नाव आहे. माणसाचं नाव नीट घ्यावं, एवढाच माझा हट्ट.

आपल्यालाही ते लागतं ना? पॅरिसला २०२४ साली पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं ते आपल्या शेजारच्या, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी. हिंदी वाहिन्यांवर दिवसभर ‘कुसाले, कुसाले’ चाललं होतं. रेंजवर टीव्ही लावला होता, सगळी पोरं पडद्याकडं बघून एकसाथ ओरडत होती, ‘ळे! ळे!’ आनंद होताच, पण दर वेळी ते ‘ले’ आलं की कुठंतरी खुपत होतं. कारण ळ इंग्रजी अक्षरांत बसत नाही, आणि ज्यानं फक्त इंग्रजी अक्षरं वाचली त्याला तो कळणारच नाही. तेच आपण जर्मन माणसाच्या नावाचं करतो.

माउझरला र ठेवा. मीही ठेवतो. तो मराठीत मुरलाय.

मिरजकर

घर मिरजेत, सतारमेकर गल्लीच्या मागं. नोकरीमुळं सहा वर्षं जर्मनीत काढली, त्या गावालाही आम्ही इथं ‘स्टुटगार्ट’ म्हणतो, तिथले ‘श्टुटगार्ट’ म्हणतात. शब्दाच्या सुरुवातीला एस-टी आलं की श्ट, एस-पी आलं की श्प. हेच सूत्र ‘स्टेयर’ला लावा. ती ऑस्ट्रियातली बंदूक, गावाचं नावच तिला दिलंय. खरा उच्चार श्टायर. श्टायर नावाची नदी एन्स नदीला जिथं मिळते तिथं ते गाव वसलंय, अगदी आपल्या हरिपूरला वारणा कृष्णेत येते तसं. तिथं योसेफ वेर्नड्लनं १८६४ साली कारखाना काढला. आज नेमबाजीत त्या नावाची एअर पिस्तुलं चालतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

ओबर्नडोर्फला मी जाऊन आलोय. ते गाव छोटं आहे, पण तुमच्या वहीतली तीन नावं तिथलीच. माउझर तिथला. युद्धानंतर फ्रेंचांनी तो कारखाना मोडून काढला, आणि तिथल्याच माणसांनी पुढं दोन वेगळे कारखाने उभे केले. एक फाइनवेर्कबाउ, दुसरा १९४९चा हेकलर उंट कोख. मधला ‘उंट’ म्हणजे ‘आणि’. कोख मधला ख आपला नाही. आपण ख म्हणताना आवाज अडवून सोडतो, ते घशात घासतात. घसा खाकरायला सुरुवात करा आणि मधेच थांबा, तो आवाज. ‘कोच’ मात्र अजिबात नाही.

एक बारकावा. जर्मन लोक शेवटचा र खरोखरच म्हणत नाहीत, ‘वाल्टअ’ असं काहीसं ऐकू येतं. पण मराठी लिहिताना र ठेवावा, असंच मलाही वाटतं. आमच्या गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावणारे म्हणतात, तार सुरात आली की थांबायचं, पुढं पिळत बसायचं नाही.

कराड_बारा_बोर

माझा मुलगा ट्रॅप खेळतो, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्यांवरची नेमबाजी, त्यामुळं आमच्या घरात इटालियन नावं. सर, बेरेटा म्हणायचं की बेरेत्ता? आणि ती दुसरी, पी-ई-आर-ए-झेड-झेड-आय, तिला क्लबमध्ये प्रत्येक जण वेगळं म्हणतो. परझी, पेराझी, पेरॅझी. मला तर बिल करताना बोटानंच दाखवावं लागलं.

हळदपेठ (सांगली)

कराडकर, इटालियन आपल्याला जर्मनपेक्षा सोपी. इंग्रज लोकांचा ट आणि ड टाळूकडं सरकतो, म्हणून आपण इंग्रजी शब्द ट-ड नं लिहितो. इटालियन लोकांचा मात्र आपल्यासारखा दातावरचा त आणि द. म्हणजे बेरेत्ता. पत्ता, भत्ता, सत्ता म्हणतो तसा जोड त, नीट दाबून. इटालियनमध्ये जोडाक्षर गिळलं तर शब्द बदलतो, आपल्याकडं ‘पता’ आणि ‘पत्ता’ वेगळे आहेत तसंच. पिस्तुलातलं पार्दीनी, त्यातलाही द दातावरचा. बेनेल्लीत ल दोनदा.

तुमची अडलेली बंदूक पेरात्सी. दोन झेड म्हणजे पुन्हा आपला पाचातला च, तोही दुप्पट. गाव बोत्तिचीनो, ब्रेशा शहराजवळ. बेरेत्ताचं गार्दोने पण त्याच ब्रेशा भागातलं. बेरेत्ता घराण्याचा सगळ्यात जुना कागद १५२६चा आहे, व्हेनिसच्या शस्त्रागाराला १८५ नळ्या दिल्या त्याचे २९६ डुकॅट मिळाल्याचा. १५२६ म्हणजे पानिपतची पहिली लढाई, बाबराच्या तोड्याच्या बंदुका. तेव्हापासून ते नाव चालत आलंय. इतक्या जुन्या नावातला एक त गाळू नये असं मला मनापासून वाटतं.

आणि स्वित्झर्लंडच्या इटालियन बोलणाऱ्या भागातलं मोरीनी. त्यांच्या पिस्तुलावर ‘सी-एम’ असतं ना, ते चेझारे मोरीनी या माणसाच्या नावाचं आद्याक्षर. सीझर नव्हे, चेझारे. इथं मात्र च चिमणीतला.

माजी_सैनिक_कोरेगाव

राम राम मंडळी. मराठा लाइट इन्फंट्रीतनं हवालदार म्हणून निवृत्त झालो. तुम्ही खेळातल्या बंदुकांचं बोलताय, आमच्या हातात वेगळी होती. पण नावांचा घोळ तोच.

आमचे वडील बी फौजेत होते. ते ‘ब्रेनगन’ म्हणायचे. मला लहानपणी वाटायचं, डोक्याशी काही संबंध असंल. नंतर बेळगावला ट्रेनिंगमध्ये उस्तादानं सांगितलं, बाबांनो, ती मूळची चेक लोकांच्या ब्रनो गावची, आणि इंग्रजांनी एनफिल्डला बनवली. ब्रनोचं ‘ब्र’ आन् एनफिल्डचं ‘एन’. स्टेनगन पण तशीच, दोन माणसांच्या आडनावांची पहिली अक्षरं, शेफर्ड आणि टर्पिन, आणि पुढं पुन्हा एनफिल्ड. हे कळल्यावर ती नावं कधी विसरलो नाही.

थ्री नॉट थ्रीला आमच्याकडं दुसरं नावच नाही. म्हाताऱ्यांना ‘ली एनफिल्ड’ म्हटलं तर कळायचं नाही.

विचारायचं हे होतं. खांद्यावरनं मारायचा आमचा ८४ मिलिमीटरचा रॉकेट लाँचर होता. स्वीडनचा. त्याला आम्ही ‘कार्ल गुस्ताफ’ म्हणायचो, कारण लिहिलेलं तसंच होतं. बरोबर का? आणि बोफोर्स?

आमच्या गावात सैनिकांच्या जुन्या फोटोंची एक खोली करतोय. फोटोखाली मराठीत लिहायचंय. चुकीचं लिहायचं नाही. ज्यांनी ती उचलली ती माणसं गेली आता, त्यांच्या फोटोखाली तरी शब्द नीट पाहिजे.

मिरजकर

हवालदार साहेब, आधी नमस्कार. प्रश्नाचं उत्तर देताना मला आनंद होतोय, कारण माझ्या टीममध्ये दोघं स्वीडिश होते आणि त्यांच्याकडून हे शिकलो.

गुस्ताफ लिहितात, पण म्हणतात गुस्ताव. शेवटी व. आणि ‘कार्ल’... यावर तुमचा विश्वास बसणार नाही. स्टॉकहोमकडच्या स्वीडिशमध्ये र आणि ल शेजारी आले की दोन्ही मिळून एकच आवाज होतो, जीभ मागं वळवून. म्हणजे आपला ळ! पहिल्यांदा त्याच्या तोंडून ‘काळ’ ऐकलं तेव्हा मी त्याला तीनदा म्हणायला लावलं. मग मी ‘कमळ’ म्हणून दाखवलं, त्यानं पहिल्या झटक्यात म्हटलं. जर्मन सहकाऱ्याला ते वर्षभरात जमलं नव्हतं.

बोफोर्सचंही असंच. त्यातला ओ जवळजवळ ऊ, आणि शेवटचे र-स एकत्र होऊन पोटफोड्या ष होतो. बूफॉष. आपण शाळेत ज्या ष ला विचारतो की हा वेगळा कशाला ठेवलाय, तोच.

अर्थात फोटोखाली ‘बोफोर्स’च लिहा. १९८६ साली ४१० तोफांचा करार झाला तेव्हापासून अख्खा देश तोच शब्द म्हणतोय, दुसरं लिहिलंत तर गावातल्या माणसाला तोफ ओळखू येणार नाही. ‘कार्ल गुस्ताव’ लिहा. ब्रनो म्हणाल तर त्यात ब आणि न यांच्या मध्ये स्वर नाहीच, नुसता र ताणून म्हणतात, संस्कृतात ऋ हा स्वर होता तसा. पण ‘ब्रनो’ चालेल.

कृष्णाकाठ

मी वर जे लिहिलं त्यातलं अर्धं मागे घेतो. ळ आणि ष स्वीडनमध्ये निघतात हे ठाऊक नव्हतं.

अर्धं मात्र ठेवतो. फोटोखाली ‘थ्री नॉट थ्री’च पाहिजे, कारण त्या माणसांनी तेच म्हटलं. हवालदार काका, यात बदल करू नका.

एक शंका राहिली. परवा सैन्याच्या बातमीत ‘सिग सावर’ ऐकलं. जर्मन नियमानं त्यातल्या एसचा उच्चार ‘झ’ निघायला हवा ना?

हळदपेठ (सांगली)

बरोबर पकडलंत. जर्मनमध्ये स्वराआधीचा एस झ होतो, म्हणून जर्मन माणूस ‘झिग झाउअर’ म्हणतो. झाउअर हे जुनं जर्मन घराणं, सिग ही स्विस कंपनीच्या नावाची आद्याक्षरं. पण आपल्या सैन्यानं २०१९ साली ज्या ७२,४०० रायफलींचा करार केला, त्या अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरच्या कंपनीच्या. ते लोक स्वतःलाच ‘सिग सावर’ म्हणवतात. मालक स्वतः जे म्हणतो ते धरायचं. कुळकर्णी आणि कुलकर्णी दोन्ही आडनावं असतात, आपण ज्याचं त्याला विचारतोच की.

रशियन नावाचंही कुणीतरी मला खासगीत विचारलंय. कलाश्निकफ. ‘ला’वर जोर, आणि शेवटचा व कठोर होऊन फ. बातमीदार ‘कलाशनिकोव्ह’ म्हणताना ‘को’वर जोर देतात, तिथं तो नाहीच. पण हा शब्दही इतका रुळलाय की लिहिताना ‘कलाश्निकोव्ह’ ठेवला तर मी भांडणार नाही. रूगर आणि लूगर यांत मात्र ग म्हणा, ज नको. आणि काडतुसांच्या डबीवर ई-एल-ई-वाय दिसतं ते ‘एले’ नाही, ‘ईली’.

वाईची_शिक्षिका

हवालदार काका, फोटोंचा मजकूर मला पाठवा, शुद्धलेखन मी तपासून देते. वाईहून कोरेगाव लांब नाही, रविवारी येऊनही जाईन. ज्या फोटोतल्या माणसांनी एखाद्या बंदुकीला घरगुती नाव दिलं असेल, ते आधी लिहू, आणि कारखान्याचं नाव त्याखाली बारीक अक्षरात.

माजी_सैनिक_कोरेगाव

ताई, या. फोटो एकवीस आहेत. वडिलांचा ब्रेनगनवाला पहिलाच लावलाय. पाठीमागं पेन्सिलनं त्यांनी स्वतः ‘बिरेनगन’ लिहिलंय.

वाईची_शिक्षिका

मग तेच अक्षर मोठं करून लावू. त्याखाली बारीक ‘ब्रेन’.

हळदपेठ (सांगली)

मंडळी, तुमचं सगळं मी एका मोठ्या कागदावर उतरवून रेंजच्या दारामागं चिकटवलंय. आन्श्यूत्स असंच लिहिलंय, बाईंनी सांगितलं तसं.

त्या मुलीला मी हे कुणासमोर म्हणून दाखवायला लावलं नाही. ती रोज येत होती, जॅकेट चढवत होती, साठ शॉट मारून जात होती. काल सहावीतला एक नवा मुलगा आला. कागदापाशी उभा राहून अडखळत वाचत होता. मी छर्ऱ्यांच्या डब्या मोजत होतो. मागून तिचा आवाज आला.

‘ई म्हण. जीभ हलवू नको. आता शीळ घालतोस तसे ओठ कर. हां. आणि शेवटी पाच म्हणतोस ना, त्यातला च.’